बंद झालेली चिप आणि तिचा बदली गडी



या पानावर दर वेळी मी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया, खोडव्यातील पाचट असल्या विषयांवर चार शब्द लिहितो. या वेळी विषय जरा वेगळा आहे. नखाएवढ्या एका काळ्या तुकड्याने उन्हाळ्यात दीड महिना आमच्या खात्याची झोप उडवली, त्याची ही हकीगत. मी शेतीचा डिप्लोमावाला माणूस, इलेक्ट्रॉनिक्समधला नव्हे. त्यामुळे जे समजले ते शेतकऱ्याच्या भाषेत सांगतो. जाणकारांनी सांभाळून घ्यावे.

चैत्र लागला होता. पहाटे साडेपाचला फोन वाजला. आमच्या खात्यात पहाटेचा फोन म्हणजे एक तर फड पेटला, नाही तर बिबट्या दिसला. या वेळी तिसरेच निघाले. पलीकडून नाना म्हणाले, "साहेब, तुमची डबी मेली. मोटर चालू होते, मिनिटभर पाणी फेकते अन् आपोआप बंद पडते. आज पाळीचा शेवटचा दिवस आहे."

डबी कोणती, हे जुन्या सभासदांना सांगायला नको, नव्यांसाठी सांगतो. सुमारे पंधरा वर्षांपूर्वी आपल्या कार्यक्षेत्रातील चाळीसेक विहिरींवर शेतकी खात्यामार्फत एक छोटे संरक्षक उपकरण बसवले होते. रात्रीची लाईट, त्यात विहिरीला पाणी बेताचे. स्टार्टरला ऑटो लावून माणूस घरी झोपतो. रात्री दोनला लाईट येते, मोटर आपोआप सुरू होते, तीनला विहिरीचा तळ लागतो आणि पुढे दिवस उजाडेपर्यंत मोटर कोरडी फिरत राहते. सील जाते, बुश जातात, शेवटी वाइंडिंग जळते. बरे, जाऊन बघावे तर उसाच्या बांधाने रात्री विहिरीवर जायची सोय राहिलेली नाही. निफाड, सिन्नर, दिंडोरी भागात बिबट्याची मादी उसातच पिल्ले घालते, हे मी कोणाला सांगायची गरज नाही. तेव्हा पाणी संपले की मोटर आपोआप बंद व्हावी आणि माणसाला रात्री घराबाहेर पडावे लागू नये, एवढ्यासाठी ही डबी.

तिची रचना साधी आहे. डिलिव्हरीच्या पाइपात एक पाते लटकते, त्याच्या टोकाला चुंबक. पाणी वाहू लागले की पाते उचलले जाते आणि चुंबक पाइपाच्या भिंतीजवळ येतो. भिंतीच्या बाहेर, पितळी घरात, ती चिप बसवलेली. चुंबक जवळ आला की चिप 'चालू', दूर गेला की 'बंद'. चिप चालू आहे तोवर रिले धरून ठेवतो आणि स्टार्टर चालू राहतो. सुरुवातीला पाणी वर यायला वेळ लागतो म्हणून पहिले एक मिनिट टायमर सांभाळतो. पितळ, पीव्हीसी यांतून चुंबकाचा प्रभाव सहज आरपार जातो. लोखंड मात्र तो आपल्याकडेच ओढून घेते. म्हणून घर पितळी. जिथे पितळी घर फुटल्यावर सभासदांनी लोखंडी पट्टीने डबी आवळली, तिथे ती नीट चालली नाही, त्याचे कारण हेच. हे मलाही या वर्षीच कळले.

ही किमया एका जुन्या शोधाची आहे. १८७९ साली एडविन हॉल नावाच्या अमेरिकन विद्यार्थ्याला असे आढळले की, धातूच्या पातळ पत्र्यातून वीज वाहत असताना त्यावर चुंबक धरला तर पत्र्याच्या दोन कडांमध्ये अगदी थोडा विजेचा दाब तयार होतो. पुढे शंभरेक वर्षांनी तीच गोष्ट सिलिकॉनच्या कणात बसवून, सोबत तो बारीक दाब वाढवणारे आणि चालू-बंद ठरवणारे मंडल घालून चिप तयार झाली. तिला हॉल स्विच म्हणतात. घासणारा भाग नाही, ठिणगी नाही, गंजणारा बिंदू नाही. मोटारसायकल, पाण्याचे मीटर, कॉम्प्युटरचा पंखा, कुठेही बघा, ही आहेच.

नानांच्या विहिरीवर पोहोचेपर्यंत त्यांनी डबीच्या दोन वायरी एकमेकींना पिळून मोटर चालू केली होती. "आता चालू आहे ना, मग राहू द्या," ते म्हणाले. मी म्हटले, "नाना, राखणदाराला बाहेर काढून दार उघडे टाकल्यासारखे आहे हे." ते हसले, पण वायरी तशाच राहिल्या, कारण माझ्याजवळ दुसरा इलाज नव्हता. पुढच्या आठ दिवसांत अशाच पाच डब्या गेल्याचे निरोप चिटबॉयकडून आले.

डब्या ज्या कारखानदाराने बनवून दिल्या होत्या, त्याचा गाळा बंद होऊन बरीच वर्षे झालेली. नकाशा नाही, कागद नाही. आपल्या कारखान्याच्या इन्स्ट्रुमेंट विभागातील एका तंत्रज्ञाला मी गळ घातली. गाळप संपत आलेले, त्यामुळे त्यांना थोडी सवड होती. त्यांनी डबी उघडली, वरचे रबरासारखे लुकण खरवडून काढले आणि भिंग लावून तीन पायांच्या त्या तुकड्यावरचा नंबर वाचला: ३१४४. म्हणाले, "साहेब, ही अ‍ॅलेग्रो कंपनीची ए ३१४४. ही बंद झाली."

बंद झाली म्हणजे बिघडली असे मला वाटले. तसे नव्हे. कंपनीने ती बनवणेच थांबवले होते.

चिपच्या धंद्यात हे नेहमीचेच आहे, असे दिसते. हॉल स्विचचा हा वंश मूळचा अमेरिकेतील स्प्रेग कंपनीचा. १९९० साली जपानच्या सांकेन कंपनीने स्प्रेगचा चिपविभाग घेतला आणि त्याचे नाव अ‍ॅलेग्रो झाले. मालक बदलतो, यंत्रसामग्री बदलते, नव्या भट्टीवर जुने वाण काढणे परवडत नाही. मग कंपनी सूचना काढते: अमुक तारखेपर्यंत शेवटची ऑर्डर द्या, त्यानंतर मिळणार नाही. मोठे गिऱ्हाईक तेवढ्यात चार-पाच वर्षांचा साठा भरून ठेवते. आपल्यासारख्या चाळीस डब्यांच्या गिऱ्हाइकाला ती सूचना कोण पाठवणार? आणि मोठ्यांचेही नेहमी साधतेच असे नाही. २०२१ साली जगभर चिपचा तुटवडा पडला, तेव्हा महिंद्राने सप्टेंबर महिन्यात आपल्या वाहन विभागाच्या कारखान्यांत सुमारे सात दिवस उत्पादन बंद ठेवण्याचे जाहीर केले होते. आपल्या भागातील बरीच मुले सातपूर-अंबडला कामाला आहेत, त्यांच्या घरी हे आठवत असेल. लाखो रुपयांची गाडी उभी राहते ती शे-दीडशे रुपयांच्या तुकड्यासाठी.

आता माझी चूक सांगतो.

तंत्रज्ञ दोन दिवस सुटीवर होते. इकडे नानांचा रोज फोन, आणि शेजारच्या गटातील आप्पांचाही, कारण त्यांचीही डबी गेलेली. मी नाशिकला कामासाठी गेलो होतो, तिथल्या एका दुकानात जुनी चिप दाखवली. दुकानदाराने ड्रॉवर उघडून तशाच तीन पायांचा, तशाच काळ्या रंगाचा तुकडा पुढे ठेवला. "हा लावा, हॉल सेन्सरच आहे. तोच तो." किंमतही किरकोळ. मी चार घेतल्या. गावातल्या टीव्ही दुरुस्तीवाल्याकडून दोन डब्यांत डाग मारून घेतल्या. टेबलावर चुंबक जवळ नेला, दिवा लागला. आम्ही दोघेही खूश. त्याच संध्याकाळी एक डबी नानांकडे, एक आप्पांकडे बसवली, मोटर चालू करून पाहिली. एक मिनिट झाले, दोन झाली, पाच झाली, पाणी चालूच. चहा घेऊन आलो.

दिवा लागतो का ते पाहिले, विझतो का ते पाहिले नाही.

तिसऱ्या रात्री आप्पांच्या विहिरीने तळ गाठला आणि मोटर पहाटेपर्यंत कोरडी फिरली. सकाळी आप्पा गेले तेव्हा विहिरीत जळका वास आणि पॅनेलवर डबीचा हिरवा दिवा लागलेलाच. 'पाणी वाहत आहे' असे डबी सांगत होती आणि पाइपात थेंब नव्हता. पाणबुडी मोटर वर काढली, वाइंडिंग काळे ठिक्कर. शेतात तीन एकर आडसाली उभी, नवव्या महिन्यातली, वैशाखाचे ऊन तोंडावर.

आप्पांनी एका शब्दाने मला दोष दिला नाही. तेच जास्त लागले. रिवाइंडिंगचे निम्मे पैसे माझ्याकडून घ्या म्हटले, तर म्हणाले, "साहेब, तुम्ही काय मुद्दाम केलं का? पैसं राहू द्या. उसाचं पाणी बघा." धाकट्या भावाच्या बोअरवरून दोन पाळ्या घेऊन त्यांनी ऊस जगवला. तरी बांधाकडच्या वाफ्यांत कांड्या आखूड राहिल्या आहेत, मी पाहून आलो.

त्याच दुपारी नानांकडची डबी काढून आणली. तंत्रज्ञ आले होते. त्यांनी चुंबक जवळ नेला, दिवा लागला. दूर नेला, दिवा लागलेलाच. मग त्यांनी चुंबक नुसता उलटा केला आणि दुसरी बाजू दाखवली. दिवा विझला.

"ही लॅच आहे, साहेब," ते म्हणाले. "जात वेगळी."

ते नीट समजावून घ्यायला मला दोन वेळा विचारावे लागले. आपल्याला हवी ती जात अशी: चुंबकाचा दक्षिण ध्रुव तोंडासमोर आला की चालू, गेला की बंद. लॅच जातीची चिप दक्षिण ध्रुव पाहून चालू होते आणि मग तो गेला तरी तशीच राहते. उत्तर ध्रुव दाखवल्याशिवाय तिला बंद व्हायचे ठाऊकच नाही. ती वाईट चिप नव्हे. फिरत्या चुंबकाच्या मोटरमध्ये उत्तर-दक्षिण ध्रुव आलटून-पालटून समोर येतात, तिथे हीच जात लागते. आपल्या डबीत मात्र एकच ध्रुव येतो आणि जातो. दिसायला दोघी जुळ्या बहिणी, पायांचा क्रमही तोच, पहिला वीज, मधला जमीन, तिसरा निकाल. एकीला 'गेला' हे कळते, दुसरीला कळत नाही.

हे ऐकताना मला पाडेगावची आठवण झाली. सभासदांपैकी जे साठीच्या पुढे आहेत त्यांना को ७४० ठाऊक आहे. माझे वडील तर ऊस म्हणजे ७४०च समजत. कित्येक दशके त्या वाणाने महाराष्ट्र पोसला. पुढे तो मागे पडू लागला तेव्हा जो तो म्हणे, "७४० सारखा द्या." पण 'सारखा' म्हणजे कशात सारखा? वजनात, साखरेत, खोडव्यात, की पाण्याच्या ताणाला? कोसी ६७१ आला, साखर भरपूर आणि लवकर पक्व होणारा, पण लाल कूज रोगाला नाजूक. मग १९९६ साली पाडेगावहून को ८६०३२, आपला 'नीरा', प्रसारित झाला. तो कोसी ६७१चाच वंशज, बाप तोच. बापाची गोडी घेतली आणि खोडव्याला बापापेक्षा सरस निघाला. पुढे को एम ०२६५ आला. चोपण जमिनीत तग धरतो, वजन देतो, पण पक्वतेला उशीर. त्याला ८६०३२ समजून हंगामाच्या सुरुवातीला तोडला तर उताऱ्यात मार बसतो. हे मी गावोगावच्या मेळाव्यांत घसा कोरडा करून सांगतो. आणि तोच मी, चिप घेताना मात्र कांडीचा रंग बघून बेणे घेतले!

मग आम्ही शहाण्यासारखे काम सुरू केले. आधी कंपनीचा जुना तपशीलपत्रक वाचला. तंत्रज्ञ वाचत होते आणि मी वहीत लिहून घेत होतो. ए ३१४४ ला साडेचार ते चोवीस व्होल्ट वीज चालते. आपल्या डबीत बारा व्होल्ट आहेत, हे महत्त्वाचे. कारण हल्ली बॅटरीवर चालणाऱ्या वस्तूंसाठी निघालेल्या पुष्कळ हॉल चिपा पाच-साडेपाच व्होल्टच्या पुढे टिकत नाहीत. त्या डबीत लावल्या तर लावताक्षणी मेल्या. निकालाचा पाय स्वतः वीज देत नाही, फक्त खाली ओढतो, आणि तेही पंचवीस मिलिअँपिअरपर्यंतच. उन्हाचा मुद्दाही होता. 'ई' अक्षराची चिप पंच्याऐंशी अंश सेल्सिअसपर्यंत, 'एल' अक्षराची दीडशेपर्यंत. पाणी बंद असताना एप्रिलच्या दुपारी उघड्या पाइपावरच्या पितळी घराला हात लावून पाहा, मग 'एल' का मागितली ते कळेल.

सर्वांत गंमत चुंबकाच्या आकड्यांत निघाली. चुंबकाचा जोर गॉसमध्ये मोजतात. पृथ्वीचा स्वतःचा जोर जेमतेम अर्धा गॉस. ए ३१४४ ही खोलीच्या तापमानाला सत्तरपासून साडेतीनशे गॉसपर्यंत कुठेही चालू होऊ शकते, असे कंपनीच लिहिते. म्हणजे एक चिप लांबून ऐकणारी, दुसरी कानाला लागून बोलल्याशिवाय न ऐकणारी, आणि दोघीही नियमाने बरोबर! तिचीच भावंड ३१४१ पन्नास ते एकशे साठ गॉसमध्ये चालू होते, म्हणजे अधिक एकसारखी. आमच्या जुन्या डब्यांपैकी काही सुरुवातीपासून 'लहरी' का होत्या, याचा उलगडा पंधरा वर्षांनी झाला. चिप बदलली की चुंबकाचे अंतर पुन्हा जुळवावे लागते. ते कोणी कधी जुळवलेच नव्हते.

त्याच पत्रकांत कंपनीने बदली कोण, तेही छापून ठेवले आहे. ३१४१ ला ११०१, ३१४२ ला ११०२, ३१४३ ला ११०३ आणि आपल्या ३१४४ ला ११०४. हे वाचून मी कपाळावर हात मारला. ज्याची शोधाशोध करत मी दुकाने हिंडलो, ते उत्तर जिने चिप बंद केली तिनेच लिहून ठेवलेले. नवी ए ११०४ चार व्होल्टच्या जरा आधीपासून चोवीसपर्यंत चालते, पायांचा क्रम तोच, जात तीच: आला की चालू, गेला की बंद.

तरी बाजारात ३१४४ नंबर छापलेल्या चिपा आजही ढिगाने मिळतात, आणि मोह होतोच. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आम्ही दहा आणवल्या. तंत्रज्ञांनी फूटपट्टीला चिप चिकटवली, चुंबक मिलिमीटर-मिलिमीटरने सरकवत नेला आणि कुठे लागते, कुठे विझते ते लिहिले. दहापैकी सहा ठीक, दोन इतक्या बहिऱ्या की चुंबक टेकवावा लागला, एक मुळात मुकी, आणि एक पुन्हा लॅच! वरचा नंबर सगळ्यांचा एकच. दुसऱ्या कोणी त्याच नावाने बनवलेल्या असतील, कुणी जुन्या यंत्रांतून काढून घासून नव्याने छापल्या असतील. बेण्याचे आपण काय करतो? मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशी साखळी पाहतो. कोणाच्या मळ्यातले, कितवे वर्ष, हे विचारतो. चिपलाही कुळ विचारावे लागते. अधिकृत विक्रेत्याकडून मागवलेली ११०४ बाजारच्या ३१४४ पेक्षा महाग पडली, पण जी पंचवीस मागवली त्यांपैकी एकही फुकट गेली नाही.

रीड स्विचचाही विचार केला होता. काचेच्या नळीत दोन लोखंडी पट्ट्या, चुंबक आला की चिकटतात, गेला की सुटतात. चिप नाही, व्होल्टची भानगड नाही, कोणत्याही कंपनीचा चालतो. मला स्वतःला तो पर्याय आवडला होता. पण आपल्या उभ्या पाइपात मोटर बंद होताना पाण्याचा दणका बसतो, आणि चाचणीला लावलेल्या दोनपैकी एकाची काच पंधरा दिवसांत तडकली. पायाला रबर बसवून बघायचे आहे. तूर्त तो राखीव गडी.

आणखी एक. चिप का मेली, हे न पाहता नुसती बदलू नये. सहापैकी चार डब्यांत बारा व्होल्ट देणाऱ्या भागातला कपॅसिटर फुगलेला निघाला. पंधरा उन्हाळे सोसले, आणखी काय होणार? त्यामुळे वीज कमी-जास्त होऊन चिपला झटके बसत होते. नवी चिप तशाच कार्डावर लावली असती तर सहा महिन्यांत तीही गेली असती. आता चिपसोबत कपॅसिटरही बदलतो. दोन्ही मिळून एक डबी दुरुस्त करायला तंत्रज्ञांना पाऊण तास लागतो, त्यात लुकण सुकण्याचा वेळ धरलेला नाही.

दुरुस्त केलेली पहिली डबी आप्पांच्या विहिरीवर बसवली. या वेळी चहा आधी घेतला नाही. मोटर चालू केली, पाणी आले, दिवा लागला. मग डिलिव्हरीचा व्हॉल्व्ह हळूहळू बंद करत आणला. पाण्याची धार बारीक झाली, थांबली, दिवा विझला आणि स्टार्टर खटकन पडला. आप्पांनी तो आवाज ऐकला आणि म्हणाले, "परत एकदा." आम्ही तीनदा केले.

नानांची डबी त्यानंतर दोन दिवसांनी बसली. परवा त्यांचा रात्री साडेनऊला फोन आला, म्हटले आता काय? तर म्हणाले, "साहेब, डबी झोपू देते आहे. पण बिबट्या आज ओट्यापर्यंत आला होता, वनखात्याला कळवा." कळवले आहे.

ज्यांच्या विहिरींवर जुन्या डब्या आहेत त्या सर्व सभासदांना विनंती की, डबी चालू असली तरी आपल्या गट कार्यालयात नाव नोंदवावे. दर मंगळवारी आणि शुक्रवारी तंत्रज्ञ शेतकी कार्यालयात बसतील. डबी स्वतः उघडू नये व चिपवरचा नंबर घासू नये. तो वाचता आला तरच मूळची कोणती ते कळते. ज्यांनी बाहेरून चिप बदलून घेतली असेल त्यांनी व्हॉल्व्ह सावकाश बंद करून दिवा विझतो की नाही ते आजच पाहावे. विझला नाही तर त्या रात्री ऑटो लावू नये व दुसऱ्या दिवशी डबी घेऊन यावे. ज्यांनी नानांसारख्या वायरी पिळून ठेवल्या आहेत त्यांनी तसे नोंदीत स्पष्ट सांगावे, कोणी रागावणार नाही. त्यांच्या डब्या आधी घेऊ. चिपा सध्या एकोणीस शिल्लक आहेत, पुढची मागणी गेली आहे.

— ऊसविकास अधिकारी, शेतकी खाते